माय गेरी, मावशी गेरी आणि म्हैस

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, जळगावातल्या एका मंगल कार्यालयात, ‘शुभविवाह’ असं लिहिलेल्या थर्माकोलच्या पाटीखाली मी माझी पहिली लाथ खाल्ली. त्या जागेवर नशिबाची लाथ खाणारा मी काही पहिलाच पुरुष नसेन. पण बाकीच्यांनी निदान आधी जेवून घेतलं असेल. मी तीन महिन्यांची फी आगाऊ भरून उपाशीपोटी उभा होतो. ‘रिकाम्या पोटी या’ असं सरांनी बजावलं होतं. का बजावलं होतं, ते पाच मिनिटांत कळलं.

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त संपतात आणि मंगल कार्यालयं चार महिने ओस पडतात. मग मालक लोक साड्यांचे सेल, योगासनं, आरोग्य शिबिरं अशा कशालाही हॉल देतात. आमच्या भागातल्या कार्यालयात त्या चातुर्मासात सकाळी सहा ते सात ‘वास्तववादी स्वसंरक्षण वर्ग’ सुरू झाला. ‘वास्तववादी’ हा शब्द मी तोवर फक्त कादंबऱ्यांच्या परीक्षणांत वाचला होता. तिथे तो आला की पुस्तकात कोणीतरी भरपूर मार खातं, एवढं मला माहीत होतं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण मी गेलो, आणि त्याला कारण माझी भाची. धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची मुलगी त्याच शाळेत सातवीत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिन्यांचं आत्मरक्षणाचं प्रशिक्षण असतं. किल्ल्यांचा जुडगा, ओढणी, पेन, वही, दप्तर अशा रोजच्या वस्तू वेळेला हत्यार म्हणून कशा वापरायच्या, हेही त्यात येतं. आमच्या वेळीसुद्धा वही हे हत्यारच होतं. फक्त ते गुरुजींच्या हातात असे.

तर ही भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, “मामा, मला लाथ मार बरं.”

“अगं, भाचीला पाय लावत नाहीत. पाप लागतं.”

“मार ना रे. लागणारच नाही तुझी.”

हा शेवटचा शब्द मला लागला. मी आपला मामेपणा सांभाळून, हळूच, एक पाय उचलला. माझ्या हिशेबानं तिनं मागे पळायला हवं होतं. ती पुढे आली. पाय गुडघ्यातून सुटायच्या आतच ती माझ्या छातीशी होती, आणि तिनं दोन्ही तळहातांनी मला असा धक्का दिला की मी दिवाणावर जाऊन बसलो. दिवाणावर शेवेचा डबा होता. आमच्या घरात त्या रात्री शेवभाजीला शेव कुटायची गरज पडली नाही.

दुःख जास्त झालं, कारण मी कराटे शिकलेला माणूस आहे. १९८७ साली कॉलेजात असताना आमच्याकडे कराट्याची साथ आली होती. ज्याच्या घरावर कौलं होती त्याच्या घरी मित्रांचं जाणंयेणं वाढलं होतं. कौलं फोडायला लागायची. मांजरपाटाचा झगा शिवून मीही सकाळी मैदानावर उभा राहायचो. लाथेला जपानीत ‘गेरी’ म्हणतात. समोर मारायची ती माए गेरी, गोल फिरवून मारायची ती मावाशी गेरी, बाजूला मारायची योको गेरी आणि पाठीमागे मारायची उशिरो गेरी. आम्ही खानदेशी पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना आजोळच्या करून टाकल्या: माय गेरी, मावशी गेरी. उशिरो गेरी मात्र तशीच ठेवली. पाठमोऱ्या माणसानं मारलेली लाथ खाणाऱ्याला उशिराच कळते, तेव्हा नाव बदलायचं कारणच नव्हतं.

आणि या साऱ्या गेऱ्यांवर एक रामबाण होता: गेदान बराई. पोटाकडे लाथ आली की हात वरून तिरका खाली झाडायचा, मनगटानं लाथ बाजूला. समोरचा मित्र आधी कमरेत वाकून नमस्कार करी, मग मोठ्यांदा एक आकडा म्हणे, मग लाथ मारी आणि मी ती झाडून टाकी. दोन वर्षांत माझ्या पोटाला एकही लाथ लागली नाही. पट्टा पिवळा झाला आणि तिथेच थांबला. पुढे एकदाच पिवळा झालो, तो हळदीला.

या भांडवलावर मी मंगल कार्यालयात गेलो.

सर पस्तिशीचे, भुसावळकडचे. बोलायला मऊ. पहिल्याच दिवशी म्हणाले, “भाऊ, ताई, उद्यापासून ट्रॅकपँट नको. रस्त्यावर जसे असता तसे या.” त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो वर्ग बसस्टँडसारखा दिसायला लागला. सराफी पेढीवरचे एक मुनीम काखेत रेक्झिनची पिशवी घट्ट धरून. नर्सिंगच्या दोन मुली पाठीवर सॅक लावून. एक वकील. साडी, स्वेटर आणि कापडी बूट अशा वेषातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीसगावकडचा एक कुस्ती खेळणारा पोरगा, ज्याची मानच नव्हती. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं होतं. आणि खांद्यावर डब्याची पिशवी अडकवलेला, सँडलमधला मी. झाडलोट करणाऱ्या मावशी एका कोपऱ्यात केरसुणी घेऊन बसलेल्या असत. आम्ही निघालो की त्यांना हॉल झाडायचा असे, आणि आमचं निघणं रोज लांबत असे.

“लाथ आली तर काय कराल?” सरांनी विचारलं.

मी हात वर केला. सरांनी पोटाला बांधायला एक जाड पॅड दिलं. नमस्कार केला नाही. आकडा म्हटला नाही. “काय भाऊ, रावेरचे का तुम्ही?” असं विचारलं, आणि मी “नाही, आम्ही मूळचे...” म्हणेपर्यंत माए गेरी निघालीसुद्धा.

माझा हात सवयीनं खाली गेला. एकोणचाळीस वर्षांनीही गेला, याचं मला आजही कौतुक आहे. पण हायवेवर हात दाखवणाऱ्या म्हाताऱ्याकडे न बघता एस.टी. जशी निघून जाते, तशी ती लाथ माझ्या हातावरून निघून गेली. मी चार पावलं मागे जाऊन स्टेजवर आदळलो. वरचा थर्माकोल हलला आणि त्यातलं ‘वि’ हे अक्षर सुटून खाली पडलं. पाटीवर ‘शुभ वाह’ उरलं. नर्सिंगच्या मुलींनी ते मोठ्यानं वाचलं.

मग सरांनी हिशेब सांगितला. माणसाचा एक पाय म्हणजे त्याच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा, आणि एक हात म्हणजे विसावा. माझं वजन बहात्तर किलो. म्हणजे साडेतीन किलोचा हात आडवा घालून मी बारा किलोचा पाय अडवायला निघालो होतो, आणि तोही कमरेची ताकद घेऊन येणारा. बारा किलो म्हणजे काय? रावेर-यावलकडचा शेतकरी बारा किलोच्या केळीच्या घडाला घड म्हणायलाही लाजेल. पण तोच घड कोणी जोरात फेकला, तर तो मनगटावर झेलायला कुठलाच शेतकरी जाणार नाही. शिवाय हात खाली गेला की तोंड उघडं पडतं, आणि रस्त्यावरचा माणूस तोंड उघडं दिसलं की ठोसा मारतो. “म्हणून,” सर म्हणाले, “लाथेला हात दाखवायचा नाही. भाऊ, करंगळी बघा तुमची.”

मी करंगळी बघितली. ती भरताच्या वांग्यासारखी झाली होती. आमच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. या वांग्याला डॉक्टरांनी पट्टी बांधली. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, “तीस वर्षांत साधं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं नाहीत, आणि हात कुठे घातलात? लाथेत!”

करंगळी बांधलेली असल्यामुळे आठवडाभर मी वर्गाला नुसता बसून होतो. तेव्हा लक्षात आलं की मराठी भाषेत लाथांना तोटा नाही, पण त्या चुकवायच्या कशा, याबद्दल भाषा गप्प आहे. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण घ्या. यात लाथ खाणाऱ्याला चक्क चव घ्यायला सांगितलं आहे. ‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ हे तर मारणाऱ्याचं जाहिरातपत्रक. आमच्याकडे मे महिन्यात पाणी काढायला लाथ पुरत नाही, टँकर लागतो, हे अलाहिदा. ‘लाथाळी’ हा शब्द वर्तमानपत्रं पक्षांच्या बातम्यांत वापरतात, आणि तिथे तर चुकवणाऱ्याला तिकीटच मिळत नाही.

फार शोधल्यावर बचावाच्या बाजूची एकच म्हण सापडली: ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी.’ आजवर मी ती लाचारीची म्हण समजत होतो. पण गाढवासमोर अडकलेल्या माणसानं गाढवाचे पाय धरणं यात चुकीचं काय आहे? सुटे असते तर त्यानं मारले असते. हरीला अंदाज होता.

हा हरी घराण्याचाच अनुभवी. भृगू ऋषींनी निजलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारली, ही कथा आपण क्षमाशीलतेची म्हणून मुलांना सांगतो. पण विष्णूनं पुढे काय केलं? पाय धरला. ‘मुनिवर, आपल्या कोमल पायाला माझी छाती लागली तर नाही ना?’ असं म्हणत चेपायला घेतला. तिरुपतीकडे ही कथा सांगताना पुढचंही सांगतात: भृगूंच्या तळव्यात एक डोळा होता, सगळा अहंकार त्याच्यात होता, आणि पाय चेपता चेपता विष्णूनं तो हळूच दाबून टाकला. आता हे मी सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, “करेक्ट. लाथ पकडली की पुढचं काम तिथल्या तिथे उरकायचं. पाय हातात घेऊन विचार करत उभं राहायचं नाही.”

पाय पकडण्याचं प्रात्यक्षिक चाळीसगावकडच्या पोरानं दिलं. त्याच्या तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी पटकावली. त्यामुळे हा पोरगा आमच्याकडे दुसऱ्या देशाच्या वकिलातीतून आल्यासारखा बघे. सरांनी त्याच्या बरगडीकडे गोल लाथ फिरवली. तो लाथेच्या दिशेनंच थोडा सरकला, म्हणजे जोर मेला, मग काखेत पाय दाबला आणि उरलेल्या पायाला आपला पाय लावला. सर गादीवर. “एकेरी पट,” तो एवढंच म्हणाला. लाथ मारणारा माणूस एका पायावर उभा असतो, ही गोष्ट आपण लाथ बघताना विसरतो. पैलवान तेवढीच लक्षात ठेवतो.

करंगळी सुटल्यावर माझं खरं शिक्षण सुरू झालं. लाथ पायात नसते, कमरेत असते, हे सरांचं पहिलं वाक्य. पायाकडे बघितलं तर उशीर झालेला असतो. आधी वजन एका पायावर जातं, मग गुडघा उचलतो, मग पाय सुटतो. या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर ओळखलं तर बाजूला होता येतं, दुसरीवर ओळखलं तर आत घुसता येतं, आणि तिसरीवर ओळखलं तर डॉक्टरांकडे जाता येतं.

दुसरं वाक्य अंतराचं. लाथेला लागतं मधलं अंतर. पाय पूर्ण लांब झाला की टोकाला सगळा जोर. त्याच्या पलीकडे उभं राहिलात तर वारा लागतो. त्याच्या अलीकडे, छातीशी आलात तर नुसती मांडी लागते, आणि तोवर तो एका पायावर डुगडुगत असतो. माझ्या भाचीनं शेवेच्या डब्यावर बसवून मला हेच शिकवलं होतं. मार खायची जागा एकच, मधली.

मला हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या नात्यात जे लांब सुरतेला गेले, त्यांच्याशी आमचं उत्तम आहे. जे एका चुलीवर आहेत, त्यांच्याशीही बरं आहे. भांडण आहे ते गल्लीच्या त्या टोकाला राहणाऱ्या चुलतभावांशी.

तिसरी गोष्ट नडगीची. मांडीकडे लाथ येत असेल आणि पळायला जागा नसेल, तर आपला गुडघा वर घ्यायचा आणि आपली नडगी तिच्या वाटेत उभी करायची. यात दोघांनाही लागतं, पण मारणाऱ्याला जास्त लागण्याची शक्यता असते. यावर वकीलसाहेबांनी शंका काढली. तेव्हा सरांनी अँडरसन सिल्वाची गोष्ट सांगितली. ब्राझीलचा हा माजी जगज्जेता लढवय्या २०१३ सालच्या डिसेंबरात लास व्हेगासला क्रिस वाइडमनला लाथ मारायला गेला. वाइडमननं नुसता गुडघा उचलला. सिल्वाचीच नडगी मोडली. इथवर सगळे खूश झाले. मग सर म्हणाले, “आता पुढचं ऐका. २०२१ च्या एप्रिलमध्ये हाच वाइडमन दुसऱ्या एकाला लाथ मारायला गेला. त्यानं तसाच पाय आडवा केला. वाइडमनचीही नडगी तशीच मोडली.” हॉलमध्ये शांतता पसरली. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पेरावे तसे उगवते.” सव्वासात वर्षं हा काही फार उशीर नाही. आमच्याकडे जमिनीच्या दाव्यात एवढ्यात पहिली तारीखही लागत नाही.

नर्सिंगच्या मुलींपैकी एक तायक्वांदो खेळलेली होती. तिथे डोक्याला लाथ लागली की तीन गुण, गिरकी घेऊन लागली की पाच, आणि कमरेखाली मारली की दंड. सर तिला म्हणाले, “ताई, रस्त्यावर उलटं असतं. डोक्यापर्यंत पाय नेणारा माणूस शंभरात एखादा. बाकीचे सगळे कमरेखालीच मारतात, आणि दंड भरायला थांबत नाहीत.”

या विद्येचा प्रयोग करण्याची संधी मला पोळ्याला आली. साडूभाऊ धुळ्याला, देवपूरच्या पलीकडे राहतात. एक बैलजोडी आणि तीन म्हशी. जळगावहून एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर एस.टी.नं जाताना मी पुढच्या सीटवरच्या पोराच्या पायाकडे न बघता कमरेकडे बघायचा सराव केला. १९०६ साली इंग्रजांनी खानदेश तोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, तेव्हापासून पूर्वेचं जळगाव शहाणं की पश्चिमेचं धुळं, हा वाद आहे. माझ्या मते तो त्या संध्याकाळी मिटला.

बैलांची पूजा झाली, पुरणाचे मांडे झाले. साडूभाऊ म्हैस पिळायला बसले. मी त्यांच्याजवळ उभा राहून स्वसंरक्षण समजावत होतो. “हे बघा, लाथ पायात नसतेच मुळी,” मी म्हशीच्या मागच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणालो. “ती इथे असते. आधी वजन एका बाजूला जाईल...”

म्हशीनं वजन एका बाजूला टाकलं. मी पहिली पायरी ओळखली. तिनं गुडघा उचलला. मी दुसरीही ओळखली. विद्यार्थी म्हणून मला जे समाधान झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, कारण तिसरी पायरी माझ्या मांडीवर आली आणि मी शेणाच्या पाटीत बसलो. परीक्षेतला प्रश्न ओळखीचा असून नापास होण्याचा हा अनुभव मला मॅट्रिकनंतर पहिल्यांदाच आला.

साडूभाऊ म्हशीला चिकटूनच बसलेले होते. त्यांचं डोकं तिच्या कुशीला टेकलेलं, खांदा तिच्या मांडीला लागलेला. त्यांना काही झालं नाही. बादलीसुद्धा हलली नाही, कारण म्हैस वजन बदलते आहे हे त्यांना खांद्याला आधीच कळलं आणि त्यांनी खांदा नुसता दाबून धरला. दुधाची एक धारही चुकली नाही.

ओसरीवरून साडूंची आई, ऐंशीच्या घरातली, ओरडली, “आरे भाऊ, एक ते तिना अंगले चिकटीसन बठ, नही ते दूर पय! मझार कसाले उभा ऱ्हायना?”

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘दूर पय’ म्हणजे लांब पळ. एकतर तिच्या अंगाला चिकटून बस, नाहीतर लांब पळ. मध्ये कशाला उभा राहिलास? सरांनी दीड महिना, पॅड, गादी आणि फी लावून शिकवलेलं शास्त्र आजीनं लसूण सोलता सोलता एका वाक्यात सांगितलं. आणि मी पाटीतून उठायच्या आत पुन्हा लसणाकडे वळली.

मग मला आदल्या वर्षीचं सारंगखेडं आठवलं. दत्तजयंतीला तापीच्या काठावर घोड्यांचा मोठा बाजार भरतो तिथे. १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळ्यातच होतं. तिथे घोड्यांच्या रांगांतून व्यापाऱ्यांची पोरं बिनधास्त हिंडत होती. नीट बघितलं तर त्यांची चाल ठरलेली होती. घोड्याच्या मागून जायचं तर एकतर लांबून वळसा, नाहीतर तोंडानं काहीतरी बोलत, पुठ्ठ्यावर हात ठेवून, शेपटीला घासून पलीकडे. हौशी गिऱ्हाईकं तेवढी चार हातांवर उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती आणि व्यापारी त्यांच्यावर खेकसत होते. घोडा सरळ मागे मारतो, म्हणजे उशिरो गेरी. म्हैस पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते, म्हणजे मावशी गेरी. दोघींना मी जपानी समजत होतो.

धुळ्याहून लंगडत आलो. सौभाग्यवतींनी मांडीला हळद लावली. काही बोलल्या नाहीत, यावरून किती लागलं होतं ते समजावं.

शेवटच्या आठवड्यात वकीलसाहेबांनी आम्हाला कायदा सांगितला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, पण खासगी बचावाचा हक्क तसाच आहे, फक्त आता तो चौतिसाव्या कलमापासून सुरू होतो. आणि सदतिसावं कलम सांगतं की बचावाला जेवढं लागतं तेवढंच करायचं. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. “म्हणजे आधी ११२ लावायचा?” मुनीमांनी विचारलं. “लाथ कुठल्या पायरीवर आहे त्यावर अवलंबून,” वकीलसाहेब म्हणाले. तीन महिन्यांत तेही शिकले होते.

सगळे हसत असताना कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, “सर, पडल्यावरचं कधी शिकवणार?”

सरांना नीट ऐकू गेलं नाही. मावशी केरसुणी बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. “तीन महिने बघते मी. तुमी सगळे उभे राहून लाथा चुकवता. उभ्या माणसाला कोण लाथ मारतं? आधी पाडतात. मग मारतात.”

कोणी हसलं नाही. मावशींनी हे कुठे बघितलं होतं, हे विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. मला माझं म्हणींचं संशोधन आठवलं आणि ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण पुन्हा तोंडातून काढू नये असं वाटलं. ती बनवणारा नक्की दूध पिणारा असणार, पिळणारा नव्हे.

सरांनी घड्याळ बघितलं नाही. गादी मध्ये ओढली आणि स्वतः आडवे झाले. “पडलात तर हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोकं आपटत नाही. हात डोक्याशी. आणि पाय त्याच्याकडे. तो फिरला की तुम्हीही ढुंगणावर भोवऱ्यासारखं फिरा. तुमच्या डोक्यापर्यंत यायचं तर त्याला तुमच्या पायांवरून यावं लागलं पाहिजे. जवळ आला की त्याच्या नडगीवर मारा. जरा जागा झाली की एक हात मागे टेका, एक पाय अंगाखाली मागे घ्या आणि उठा. उठताना त्याच्याकडे पाठ करू नका. उठलात की लढायचं नाही. निघायचं.”

आम्ही सगळ्यांनी ते केलं. मुनीमांची पिशवी सुटली नाही, मुख्याध्यापिकांचा स्वेटर सुटला. मी भोवऱ्याऐवजी जात्यासारखा फिरलो. सगळ्यात चांगलं मावशींना आलं. नऊवारीत, काष्टा सावरून, त्या पडल्या, फिरल्या आणि उठल्या, ते बघून पैलवान पोरगा म्हणाला, “एक नंबर.” सरांनी त्यांना आणखी दहा वेळा करायला लावलं. दहाव्या वेळी त्यांनी सरांच्या नडगीवर अशी टाच ठेवली की सर बराच वेळ एका पायावर उभे होते.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. सर जाडजूड सूट घालून दारात. आम्ही एकेक जण डबा, पिशवी, जे असेल ते घेऊन आत येणार, ते शिव्या देत अंगावर येणार, लाथ मारणार. आम्ही काय करतो त्यावर पास-नापास. माझी पाळी आली. सरांनी वजन एका पायावर टाकलं. पहिली पायरी. मी डब्याची पिशवी त्यांच्या तोंडावर फेकली, मागे वळलो आणि पळालो. गेटमधून बाहेर, रस्ता ओलांडून, चहाच्या टपरीपर्यंत. एक सँडल हॉलमध्येच राहिली. टपरीवाल्यानं विचारलं, “काय भो, लग्न मोडलं का?”

परत आलो तेव्हा सर म्हणाले, “पास. पहिल्या नंबरानं.” पिशवीतला डबा फुटला होता. सरांच्या हेल्मेटच्या जाळीतून भरीत गळत होतं.

कार्यालयात एक फळा आहे. लग्नाच्या दिवशी त्यावर ‘जेवण वरच्या मजल्यावर’ असं लिहितात. सरांनी त्या दिवशी त्यावर आमच्यासाठी तीन महिन्यांची उजळणी काढली होती: कंबर, अंतर, नडगी, आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, ‘पाय’. आम्ही पेढे खात असताना मावशींनी फळा पुसायला घेतला. ओलं फडकं हातात, खालच्या ओळी पुसून झाल्या, आणि वरच्या शब्दापर्यंत त्यांचा हात जेमतेम पोचत होता. फडकं एकदाच फिरलं. काना पुसला गेला.

त्यांनी मान वर करून बघितलं. उरलेली दोन अक्षरं एक एक करून जुळवली, आणि खुदकन हसल्या. फळा तसाच ठेवून त्या हॉल झाडायला लागल्या.